नोकरी वेर्ण्याला, बिऱ्हाड कुठे थाटू? (मडगाव / फोंडा / वास्को / पर्वरी)

पंचवटीकर | १७ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. वर्षभर इथले धागे नुसते वाचतोय, लिहायची वेळ आज आली. मी नाशिकचा, औषध कंपनीत क्वालिटीच्या कामात चौदा वर्षं झाली. आता वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरी पक्की झालीये, १ जूनला हजर व्हायचं आहे. आजवर गोव्यात आलो ते चार दिवसांसाठी, बागा-कळंगुट करून परत, त्यामुळे राहण्याच्या दृष्टीने मला इथलं काहीच माहीत नाही.

घरात पाच माणसं. मी, बायको, मुलगी आता सहावीत जाईल, मुलगा साडेतीन वर्षांचा, आणि आई. आई ७१ वर्षांची, गुडघे कुरकुरतात पण काठी घेऊन रोज चालते. बायको घरून अकाउंटचं काम करते, तिला नेट आणि वीज दोन्ही भरवशाचं पाहिजे. भाडं २२-२५ हजारांपर्यंत, दोन बेडरूम.

नव्या कंपनीतले एक जण म्हणाले पर्वरीत घ्या, सगळ्या सोयी आहेत. दुसरे म्हणाले वास्को स्वस्त पडेल. एजंट फोंड्याचे फोटो पाठवतोय. मोबाइलच्या नकाशावर तर सगळंच तासाभराच्या आत दिसतं. तुम्ही माझ्या जागी असता तर कुठे राहिला असता आणि का? आणि कुठे अजिबात नाही?

भिरंड | १७ फेब्रुवारी, रात्री १०:३१

वेर्ण्याला नोकरी नि पर्वरीत घर? म्हणजे रोज सकाळी मांडवी ओलांडायची, मग झुआरी ओलांडायची, आणि संध्याकाळी उलट. गोव्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका हो, नद्यांत मोजा. मडगावला राहा, वेर्णा दहा-बारा किलोमीटर, मध्ये एकही मोठा पूल नाही. विषय संपला.

मांडवीकाठ | १८ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

भिरंडबाब, विषय इतक्यात कसा संपेल. मी पर्वरीतून वेर्ण्याला सात वर्षं ये-जा केली. जुन्या झुआरी पुलावर अवजड गाड्यांना बंदी घालायची वेळ आली होती, ते दिवस मी पाहिलेत, कुठ्ठाळीच्या चौकात गाडी बंद करून लोक खाली उतरून उभे राहायचे. नवीन पूल डिसेंबर २०२२ मध्ये अर्धा आणि डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण खुला झाला तेव्हापासून तो त्रास गेला. त्यामुळे पणजीची बाजू एकदम बाद करू नका. पणजीत पाटोवर मध्यवर्ती ग्रंथालय आहे (१८३२ सालचं, आता नव्या इमारतीत), कला अकादमी आहे, बांबोळीचं गोमेकॉ (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं इस्पितळ) जवळ. मुलं वाढवायला याच्यासारखी जागा नाही असं माझं अजूनही मत आहे.

पण वेर्ण्यासाठी पर्वरी नको, हे भिरंडबाबचं बरोबर. उत्तरेकडेच राहायचं असेल तर मांडवीच्या अलीकडे राहा, म्हणजे सांताक्रूझ, मेरशी, ताळगाव, बांबोळी. मग एकच नदी.

चिखलीकर | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

वास्कोबद्दल लोक न राहताच बोलतात. आमच्याकडे महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ, आंध्र सगळीकडची कुटुंबं तीन-तीन पिढ्या आहेत, बाहेरून आला म्हणून कुणी वळून बघत नाही. श्रावणात दामोदराचा भजनी सप्ताह असतो, चोवीस तास अखंड भजन, तुमच्या आईंना फार आवडेल. चिखलीला सरकारी इस्पितळ, दाबोळी विमानतळ दाराशी, भाडंही पणजीपेक्षा कमी. फक्त बंदराच्या अगदी अंगावर घर घेऊ नका, खिडकीच्या चौकटीवर हात फिरवला की काळी धूळ लागते. चिखली, दाबोळी, सांकवाळ या पट्ट्यात बघा. वेर्ण्याला जायला सरळ रस्ता.

खतखतें | १८ फेब्रुवारी, दुपारी १:२०

१ जूनला येताय म्हणजे बरोब्बर मासेमारी बंदीच्या पहिल्या दिवशी. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, ६१ दिवस. इसवण-सुंगटांची स्वप्नं आत्ताच आवरा :)

पंचवटीकर | १८ फेब्रुवारी, दुपारी २:०२

हाहा, आई माळकरी आहे, घरात मासे शिजत नाहीत, तेव्हा बंदी आम्हाला बाराही महिने. चिखलीकर, मांडवीकाठ, भिरंड, मनापासून आभार. नद्या मोजायचं कुणी सांगितलंच नव्हतं, काल रात्री नकाशा उघडून मी आणि बायको पुलांवर बोट ठेवत बसलो होतो.

खतखतें | १८ फेब्रुवारी, दुपारी २:१५

माळकरी आई आहेत? मग फोंडा! डोळे मिटून फोंडा. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, नागेशी, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा, सगळी देवळं एका तालुक्यात. मराठी नाटक आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, जितकं जगतं तितकं दुसरीकडे नाही, जत्रेत रात्रभर नाटक बघायला अजून माणसं बसतात. खडपाबांध, ढवळी, शांतीनगर इथे चांगले फ्लॅट मिळतील. माझा मुलगा वेर्ण्यालाच जातो, बोरी पुलावरून लोटलीमार्गे, पाऊण तास.

भिरंड | १८ फेब्रुवारी, दुपारी २:४४

पाऊण तास रविवारी. बोरी पुलावर एक ट्रक बंद पडला की बघा.

अबोली | १८ फेब्रुवारी, रात्री ९:१६

मी कोल्हापूरची, लग्नानंतर नाही तर नवऱ्याच्या बदलीने गोव्यात आले, नऊ वर्षं झाली. तुमच्यासारखंच बाहेरून बिऱ्हाड आणलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही घर बघितलं मे महिन्यात. तळमजला, पश्चिमेकडे तोंड, समोर नारळाची झाडं, संध्याकाळचं ऊन हॉलमध्ये यायचं, मी तर त्या उन्हावरच भाळले. जुलैत एक दिवस कपाट उघडलं तर नवऱ्याचा चामडी पट्टा हिरवा, बुटांवर पांढरी मखमल, आणि खालच्या कप्प्यात माझी डिग्रीची सर्टिफिकेटं एकमेकांना चिकटलेली. पश्चिमेच्या भिंतीतून पाणी झिरपून पलंगामागे नकाशे उमटले होते. इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो वाऱ्याबरोबर आडवा येतो, पश्चिमेची भिंत तो सगळा अंगावर घेते. जुन्या घरांना पावसाळ्यात त्या बाजूने झावळ्या नाही तर पत्रे बांधतात ते उगाच नाही. त्या वर्षी मुलाला सतत खोकला, डॉक्टर म्हणाले आधी घर बदला.

आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत, शेवटचा मजलाही नाही आणि तळमजलाही नाही, पश्चिमेला जिना आणि बाथरूम. कपाटात मी पावसाळाभर बल्ब लावून ठेवते. गाव कुठलंही घ्या पण भिंत बघून घ्या. मे महिन्यात घरमालक ताजा रंग मारून ठेवतात, त्यामुळे भिंतीला हात लावून, पलंग सरकवून, कपाटाच्या मागे वाकून बघा, आणि खालच्या किराणावाल्याला विचारा "पावसात इथे कसं असतं", एजंटला नको.

वीज पावसाळ्यात जातेच, तारा माडांतून गेलेल्या असतात. बायकोच्या कामासाठी इन्व्हर्टर पहिल्या दिवशी घ्या.

नदीपल्याड | १८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

अबोलीताई, किराणावाल्याला अजून एक प्रश्न, "एप्रिल-मेमध्ये टँकर येतो का?" मी ज्या सोसायटीत होतो तिथे महिन्याचा मेंटेनन्स कमी आणि टँकरची वर्गणी जास्त असायची. सासष्टी-मुरगावला (मडगाव-वास्कोकडे) पाणी साळावली धरणाचं, तिसवाडी-फोंड्याला (पणजी-फोंड्याकडे) ओपाचं, बार्देसला (पर्वरीकडे) अस्नोड्याचं. पण धरणात पाणी असणं वेगळं नि उंचावरच्या तुमच्या टाकीपर्यंत चढणं वेगळं. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर पाणी रात्री दोनला येतं आणि माणूस बादली घेऊन जागा राहतो. मी राहिलोय.

शाळेतल्या बाई | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

मी चौतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. पंचवटीकर, तुम्हाला दोन गोष्टी घाईने सांगायच्या आहेत, घर त्यानंतर बघा.

पहिली, मुलीची सहावी. २०२५ पासून गोवा बोर्डाच्या शाळांत सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलात सुरू व्हायला लागलं, मग मे महिन्याची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा शाळा. म्हणजे तुम्ही १ जूनला याल तेव्हा वर्ग सुरू होऊन गेलेला असेल. तेव्हा मार्चमध्येच येऊन शाळेत भेटा, दाखल्याचं बोलून घ्या. इथे पहिली ते चौथी सरकारी मराठी शाळा गावोगावी आहेत, पण पाचवीपासून बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजीच. त्यामुळे मराठी प्राथमिक शाळेतून आलेली मुलं पाचवीत एकदम इंग्रजीत पडतात, माझ्यासमोर दर वर्षी पहिले दोन महिने रडू असायचं आणि दिवाळीपर्यंत सगळी रुळायची. तुमची मुलगी कुठल्या माध्यमातली आहे माहीत नाही, पण ती एकटी नसेल. भाषा विषय म्हणून मराठी आहे का ते मात्र विचारा, काही शाळांत फक्त कोंकणी असते, काहींत दोन्ही.

दुसरी गोष्ट. इथल्या बहुतेक शाळा सकाळी आठच्या आसपास भरतात आणि दुपारी दीडच्या सुमाराला सुटतात. डबा खाऊन पाच वाजता घरी, असं इथे फार थोड्या ठिकाणी. म्हणजे तुमची मुलगी आणि पुढे मुलगाही, दीडला घरी. तुमच्या घरात दुपारी दीड वाजता कोण असतं? तुम्ही माणसं पाच लिहिलीत आणि प्रश्न एकाच्याच प्रवासाचा विचारलात. तुम्ही दिवसाचे दहा तास त्या गावात नसणार. उरलेली चार माणसं असणार.

पंचवटीकर | १९ फेब्रुवारी, सकाळी ११:३५

बाई, तुमची पोस्ट सकाळी ऑफिसात वाचली आणि बाहेर जाऊन बायकोला फोन केला. एप्रिलचं आम्हाला माहीतच नव्हतं. मुलगी सेमी इंग्रजीत आहे, गणित-विज्ञान इंग्रजीत झालंय.

दीड वाजता घरात आई असते आणि बायको, पण बायको कॉलवर असते. म्हणजे खरं तर आई. आणि आईला आम्ही अजून काही विचारलेलंच नाही. "गोव्याला जायचंय" एवढंच सांगितलं, ती "बरं" म्हणाली.

शाळेतल्या बाई | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

मग आज विचारा.

ताळगावचो | १९ फेब्रुवारी, दुपारी ३:२८

भाड्याचा पैसा का घालवताय? सरळ फ्लॅट घ्या, दर वर्षी भाव वाढतायत.

नदीपल्याड | १९ फेब्रुवारी, दुपारी ३:५५

असा सल्ला कृपा करून देऊ नका. नवीन माणसाने निदान एक पूर्ण पावसाळा भाड्याच्या घरात काढल्याशिवाय गोव्यात काहीही विकत घेऊ नये. इथे एक-चौदाचा उतारा (आपल्या सात-बारासारखा) वाचता येत नाही, कुठली जमीन कोमुनिदादची म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची, कुठल्या घरावर मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) हक्क, कुठे शेतजमिनीच्या रूपांतराची सनद नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेल्यांनाही कळत नाही. माझ्या मावसभावाने घाईत घेतलं, ऑक्युपन्सी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) नसल्यामुळे नळ आणि विजेची पक्की जोडणी मिळायला तीन वर्षं गेली. अकरा महिन्यांचा करार करा, निवांत राहा. आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं घरमालकावर बंधनकारक आहे, "त्याची गरज नाही" म्हणणारा मालक भेटला तर तिथेच उठा.

सुकी भाजी | १९ फेब्रुवारी, रात्री ८:०२

करारावरून आठवलं, किनाऱ्याच्या गावात घर घेऊ नका, मी पोळलेय. कोलव्याच्या बाजूला छान घर मिळालं होतं, जूनमध्ये, भाडं कमी, मालकीणबाई गोड बोलायच्या. नोव्हेंबरात म्हणाल्या, डिसेंबर-जानेवारी दोन महिने घर खाली करून द्या, आमचे नेहमीचे पाहुणे येतात. अकरा महिन्यांचा करार तोंडीच होता. परीक्षेच्या तोंडावर दोन मुलं, गॅस आणि गाद्या घेऊन आम्ही नणंदेच्या एका खोलीत ख्रिसमस काढला. पावसाळ्यात कमी भाड्याने मिळणारं घर म्हणजे ते पर्यटकांचं घर आहे आणि तुम्हाला पावसापुरतं दिलंय, हे मला तेव्हा समजलं नाही. शेजारीपाजारी वर्षभर राहणारी माणसं आहेत का ते बघा. रात्री आठला जाऊन किती खिडक्यांत दिवे लागलेत ते मोजा.

अबोली | १९ फेब्रुवारी, रात्री ८:३०

खिडक्यांचे दिवे मोजायचं फार खरं आहे. आमच्या आधीच्या इमारतीत सोळांपैकी पाच घरांत माणसं होती, बाकी सगळी दिल्ली-मुंबईवाल्यांची सुट्टीची घरं. मुलाला खेळायला एक मूल नव्हतं.

एमएच टू जीए | १९ फेब्रुवारी, रात्री १०:१४

जरा वेगळं. गाडी आणणार असाल तर १२ महिन्यांच्या वर राहिलात की गोव्याचा नंबर करून घ्यावा लागतो, आधी नाशिक आरटीओची एनओसी, मग इथला रोड टॅक्स, मग तिकडचा परतावा. निघतानाच एनओसीचा अर्ज करा, नंतर फार खेपा होतात. आणि मुलीच्या पुढच्या शिक्षण-नोकरीचा विचार असेल तर रहिवासाचे कागद पहिल्या दिवसापासून जपा. इथे सरकारी नोकरीला १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो.

ताळगावचो | १९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मराठी मराठी चाललंय सगळं, पण मुलांना कोंकणी शिकवा, गोव्यात राहायचं तर.

खतखतें | १९ फेब्रुवारी, रात्री १०:५२

झालं, सुरू :) १९८७ चा राजभाषा कायदा आता परत इथे लढू नका, कोंकणी राजभाषा आहे, मराठीलाही स्थान आहे, आणि माझ्या घरात आईशी कोंकणी, पेपर मराठी, आरती मराठी, भांडण कोंकणीत. नाशिकची मुलगी सहा महिन्यांत "कितें गो" म्हणायला लागेल, कुणी शिकवायला नको.

शाळेतल्या बाई | २० फेब्रुवारी, सकाळी ६:५५

सहा महिने नाही, सहा आठवडे. मैदानावर भाषा लवकर येते. ताळगावचो यांचं म्हणणंही बरोबर आहे, मुलांना दोन्ही येऊ द्यावं, त्यांचंच भलं आहे.

रात्रपाळी | २० फेब्रुवारी, सकाळी ९:२०

वेर्ण्याला बारा वर्षं शिफ्टमध्ये काम करतोय, फोंड्यात घर. खतखतें म्हणतात तो पाऊण तास जनरल शिफ्टला बरोबर आहे. पण दुसरी पाळी रात्री अकराला सुटली की घरी पोचायला सव्वाबारा, आणि पावसात लोटलीच्या वळणांवर समोर काही दिसत नाही, मी दोनदा गाडी बाजूला लावून पाऊस थांबायची वाट बघितलीय. पंचवटीकर, तुमची पाळी आहे का जनरल? आणि कंपनीची बस कुठून कुठून सुटते ते एचआरला विचारलंत का? हा एक प्रश्न विचारला की अर्धं उत्तर मिळतं. स्वतः गाडी चालवून ये-जा करणं आणि बसमध्ये झोपून येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक अजून. घरच्यांना तुमच्याशिवाय फिरता येईल असं गाव बघा. खासगी बसेस संध्याकाळी साडेसात-आठनंतर विरळ होतात, ओला-उबर इथे नाही. मडगाव-पणजीला कदंबची (गोवा सरकारच्या बसची) शटल आहे, खिडकीवर तिकीट काढून बसायचं, मध्ये थांबत नाही. पण गावातल्या गावात दवाखाना, भाजी, शाळा चालत असेल तरच बाईमाणसाला मोकळं वाटतं. नाहीतर सगळं घर तुमच्या स्कूटरच्या किल्लीवर.

पंचवटीकर | २० फेब्रुवारी, रात्री ९:०५

जनरल शिफ्ट, पण महिन्यातून काही दिवस उशीर होणार. बस मडगाव, वास्को, फोंडा आणि पणजीहून आहे. पर्वरी बाद.

आईला विचारलं. मला वाटलं होतं ती देऊळ म्हणेल, म्हणून मी फोंड्याच्या देवळांचे फोटोही काढून ठेवले होते. ती म्हणाली, "देव माझ्याजवळ आहे रे, जाईन तिथे असेल. मला दुपारी बोलायला माणूस पाहिजे. इथे कुलकर्णीवहिनी आहेत, तिथे कोण आहे?" मला काही बोलता आलं नाही. चाळीस वर्षं एकाच गल्लीत राहिलेली बाई आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चौघांना घेऊन चार दिवस येतोय. फोंडा आणि मडगाव दोन्ही बघू.

भिरंड | २० फेब्रुवारी, रात्री ९:३०

आईंना घेऊन येताय हे फार चांगलं केलंत. मडगावात आलात की आमच्याकडे जेवायला या, सांगून ठेवतोय. विषय संपला असं मी आधी म्हटलं होतं ते घाईचं होतं.

पंचवटीकर | १६ मार्च, रात्री ११:१८

कालच परतलो. धाग्यातल्या एकेका सल्ल्याचा कागद करून खिशात ठेवला होता म्हणून लिहितो.

फोंड्यात दोन दिवस होतो. गाव मनापासून आवडलं. खतखतेंसाहेबांनी स्वतः येऊन ढवळी आणि खडपाबांध दाखवलं, आईला कवळ्याला नेलं, तिथे ती तळीच्या पायऱ्यांवर अर्धा तास नुसती बसून होती. शाळाही चांगली होती, मराठी विषय होता. पण ज्या दोन इमारती बजेटमध्ये बसत होत्या तिथे दुपारी सगळी दारं बंद, नवरा-बायको दोघंही कामावर जाणारी घरं. आई जिन्यात दोनदा खाली-वर करून आली आणि म्हणाली, "कुणी भेटलं नाही."

मडगावला फातोर्डा, घोगळ, आके पाहिलं. फातोर्ड्याचं घर सुंदर, पश्चिमेची भिंत, अबोलीताई आठवल्या, कपाट सरकवलं तर मागे रंगाखाली फुगे. मालकांना नमस्कार करून निघालो. आक्यात दुसऱ्या मजल्यावर जुना फ्लॅट, लाद्या जुन्या, स्वयंपाकघर बायकोच्या मते लहान. आम्ही ओटा बघत होतो तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या आजी जिना उतरून आल्या, हातात सोललेला नारळ. "कोण आलंय बघायला आले," म्हणाल्या. आई आणि त्या ग्रिलपाशी उभ्या राहून बोलायला लागल्या, एकीची मराठी एकीची कोंकणी, आणि आम्ही सगळ्या खोल्या, मीटर, टाकी, नळ बघून परत आलो तरी गुडघ्याच्या तेलाचं चाललं होतं. खालच्या किराणावाल्याला टँकरचं विचारलं, "हांगा ना," म्हणजे इथे नाही, म्हणाला. रात्री आठला परत जाऊन दिवे मोजले. बारा घरं, अकरांत दिवे. बाराव्या घरातलं कुटुंब लग्नाला गेलं होतं असं आजींनी सांगितलं.

शाळा सात मिनिटांवर, मुलीच्या चालीने. कंपनीची बस कोपऱ्यावर. लेखी अकरा महिन्यांचा करार, पोलिसांचा फॉर्म मालकांनी स्वतःहून काढला. भाडं २३.

बायको आणि मुलं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईबरोबर पुढे येणार, मी नाशिकचं आवरून ३० मेला. भिरंडबाबांच्या घरचं जेवण आईसाठी वेगळं, कांदा-लसूण न घालता केलं होतं, ते आम्ही विसरणार नाही.

खतखतें | १७ मार्च, सकाळी ७:४०

फोंडा हरला म्हणून वाईट वाटलं, आईंना माणूस मिळालं म्हणून जास्त बरं वाटलं. जत्रेला यायचं हं, गाडी पाठवतो.

चिखलीकर | १७ मार्च, सकाळी ८:१२

आणि सप्ताहाला वास्कोला. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे.

रात्रपाळी | १७ मार्च, सकाळी १०:०१

बसमध्ये डाव्या बाजूची सीट धरा, संध्याकाळी परतताना ऊन लागत नाही.

पंचवटीकर | १२ जुलै, रात्री १०:४७

धागा वर काढतोय. मला इथे येऊन सहा आठवडे झाले. मुलगी काल फोनवर मैत्रिणीला "कितें जालें?" म्हणाली, बाई, मैदानावर भाषा लवकर येते हे तुमचं बरोबर निघालं. दीडला ती घरी येते तेव्हा आई बहुतेक वरच्या घरात असते, मुलगी दप्तर टाकून तिकडेच जाते आणि दोघी आज्यांकडून दोनदा जेवते. बायकोने इन्व्हर्टरला नमस्कार करायचा बाकी ठेवलाय, गेल्या मंगळवारी वीज पाच तास नव्हती.

दुपारी पाऊस इतका आडवा येतो की गॅलरीचं दार उघडता येत नाही. आज माझ्या ऑफिसच्या बुटांवर पांढरं दिसलं. अबोलीताई, कपाटातला बल्ब किती वॅटचा लावता?

अबोली | १२ जुलै, रात्री ११:०३

चाळीसचा, जुना पिवळा. एलईडी लावू नका, ती तापत नाही. बाजारातल्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत मागितला तर आतून काढून देतात. कपड्यांपासून वीतभर लांब टांगा आणि बूट वरच्या कप्प्यात ठेवा.